मुलग्यांनाही दिलं का?

आज नववीच्या मुलींशी आहारावर बोलायला एका शाळेत गेले होते. मुद्दाम पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम सांगितलं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. अंगावर स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी बरीचशी टिकलेली! बारीक माणसांनाही आपल्याकडे मधुमेह का होतो, याचा एक धागा इथे सापडतो. पुढे दिसलं, की गरोदरपणी आईच्या शरीरात बी १२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलांचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही. मग याच मुलामुलींना किशोरवयात बी १२ देऊन, पुढे त्यांची बाळं अधिक सुदृढ होतात का, ते पाहायचं ठरलं.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, मुलग्यांनाही दिलं?"

हो गं, दिलं. किती नेमका प्रश्न! पोषणाचं सगळं ओझं मुलीच्या उद्याच्या आईपणावर टाकतात, ते मला अजिबात पटत नाही. तिला आज, तिच्या स्वतःसाठी, वाटीभर दही मिळायला हवं. पुढच्या वेळी पालकांनाही बोलवा, असं बाईंना सांगून आलेय.