व्होल्टेज शून्य, मोटार चालू

गेल्या सेमिस्टरला फायनल इयरची चार पोरं घेऊन दर मंगळवारी नागपूरजवळच्या बुटीबोरीला जात होतो. आमचं कॉलेज फादर लोकांचं, पहिल्या पिरियडच्या आधी स्पीकरवर दोन मिनिटं प्रार्थना, बाकी इंजिनियरिंग ते इंजिनियरिंगच. मी स्वतः ख्रिश्चन नाही, नोकरी लागली तेव्हा मावसभाऊ विचारायचा, काहून बे, तिथं वेगळं काय शिकवता? तेव्हा काही सांगता यायचं नाही.

एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याशी करार झालेला. फोटो काढायला त्यांचे चार साहेब आले, नंतर कोणी फोन उचलेना, तीन आठवडे गेटपासच्या मागे गेले. असो. काम असं की विजेच्या मीटरमधून व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला लागते त्याचं प्रमाण) काढून स्क्रीनवर दाखवायचं, कारण पॉवर फॅक्टर घसरला की वीजबिल फुगते. मीटरला आरएस-४८५ होतं, म्हणजे दोन तारांवरून आकडे पाठवायची सोय; नागपूरच्या बर्डी बाजारातून ईएसपी-३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि कन्व्हर्टर आणला, पोरांनी मॉडबसचा, म्हणजे मीटरशी बोलायच्या भाषेचा, प्रोग्राम लिहिला आणि स्क्रीनवर सगळं शून्य. मागं मोटार घुमून राहिली आणि व्होल्टेज शून्य!

दोन मंगळवार तारा बदलण्यात गेले. ए आणि बी या दोन तारा उलट जोडून पाहिल्या, टोकाला १२० ओमचा रेझिस्टर लावला, मीही त्यातच. शेवटी मेंटेनन्सचे काका, आयटीआय झालेले, चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "तार तुटली असती तं उत्तरच आलं नसतं ना सर, हे तं शून्य येऊन राहिलं." तिथं डोक्यात उजेड पडला. मीटर एक आकडा दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे मेमरीच्या दोन कप्प्यांत, तोडून पाठवतो, आम्ही दोन्ही तुकडे उलटे जोडत होतो, म्हणून पॉवर फॅक्टरच्या ०.९३ चा इतका बारीक आकडा होत होता की स्क्रीनवर ०.०० च दिसायचं. एक ओळ बदलली आणि ४१५ व्होल्ट. पोरं अशी ओरडली की सुपरवायझर धावत आला.

परतताना बसमधून टाकळघाटचा फाटा दिसला की मी पोरांना हिस्लॉपची गोष्ट सांगायचो, दर वेळी तीच, पोरं कंटाळली असतील. स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे तोच. मिशनरी म्हणून आला आणि नागपूरभोवतीचे दगड, जीवाश्म गोळा करत फिरला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेला. वर्गाबाहेर जाऊन शिकणं या भागात एवढं जुनं आहे, आणि आम्हाला वाटते ते एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमातल्या इंटर्नशिपनं आणलं.

रिव्ह्यूला पोरांनी ग्राफ, क्लाउड, मोबाईल अ‍ॅप सगळं दाखवलं. फादरनी शेवटपर्यंत ऐकून एकच विचारलं, "तुम्ही जूनमध्ये निघून जाल, मग ते काका हे वाचू शकतील का?" स्क्रीन पूर्ण इंग्रजीत होती. चौघंही गप्प. खरं सांगू, मीही. मार्कांच्या तक्त्यात रिपोर्टच्या बाइंडिंगला कॉलम आहे, याला नाही. आता मावसभावाला सांगायला काहीतरी आहे.

पुढच्या मंगळवारी सगळं मराठीत करून नेलं. काकांनी चष्मा लावला, 'शक्ती गुणक' वर बोट ठेवलं अन् म्हणाले, "हे काय होय बाप्पा? पॉवर फॅक्टर लिव्हा ना सरळ."