डायरेक्टवर चालते, मग ड्राइव्हच खराब?

इचलकरंजीच्या आसपास ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) दुरुस्तीला फिरताना एक वाक्य सारखं कानावर पडतं: "मोटर डायरेक्टवर, म्हणजे ड्राइव्ह वगळून थेट सप्लायवर, मस्त चालते, म्हणजे ड्राइव्हच गेलाय." मालक म्हणतात, वायरमन म्हणतात. ऐकायला बरोबर वाटतं, आणि तिथेच नव्या ड्राइव्हचे पैसे जातात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका सूतगिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लँटच्या (हवेत ओलावा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) 22 किलोवॅटच्या फॅनचा ड्राइव्ह सुरू केला की अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय असं, दाखवून बंद व्हायचा. ड्राइव्ह वगळून साध्या स्टार-डेल्टा स्टार्टरवर टाकला की फॅन गुमान फिरायचा. नव्या ड्राइव्हचं कोटेशनही येऊन पडलं होतं.

सप्लाय बंद करून ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा विझू दिला आणि डीसी बसवर (ड्राइव्हच्या आत डीसी साठतो त्या भागावर) मीटर लावून खात्री केली. 415 व्होल्टच्या लाइनवर तिथे 586 च्या आसपास डीसी साठलेला असतो, त्यामुळे नुसत्या दिव्यावर माझा विश्वास नाही. मग मीटर डायोडवर ठेवून बसच्या प्लस-मायनसपासून यू, व्ही, डब्ल्यू ही मोटरकडे जाणारी टोकं तपासली. सगळीकडे 0.38 च्या आगेमागे. आयजीबीटी, म्हणजे आतले पॉवर स्विच, शाबूत. मोटरची केबल सोडून व्ही-बाय-एफ या साध्या मोडमध्ये ड्राइव्ह मोकळा चालवला. 50 हर्ट्झपर्यंत हूं की चूं नाही.

"साहेब, मोटर तर आत्ताच रिवाइंड करून आणलीय," वायरमनदादा म्हणाले.

केबल दोन्ही टोकांना सोडूनच मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारला. (ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर मारून तो बिघडवणारे भेटतात, त्यांच्यामुळे माझं पोट भरतं.) 500 व्होल्टवर मोटर 200 मेगाओहमच्या वर. केबल फक्त 0.3, म्हणजे दोष केबलमध्येच. ट्रे धुंडाळत गेलो, तर मोटरच्या अलीकडे हातभर अंतरावर टेप गुंडाळून केलेला जॉइंट, आणि वर पाण्याच्या पाइपची गळती. टेप सोडवली तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

मग डायरेक्टवर का चालायची? साध्या सप्लायच्या लाटेचं दोन फेजमधलं शिखर 586 व्होल्टच्या आसपास. ड्राइव्हमधून झटक्याझटक्याने जाणारं व्होल्टेज लांब केबलवर मोटरकडून परावर्तित होतं आणि त्या टोकाला अकराशेच्याही वर उसळू शकतं. ओला जॉइंट तेवढं सोसत नाही, ठिणगी अर्थला उडते. डायरेक्टवर मोटर सांभाळणारी ओव्हरलोड रिले नुसती तापावर चालते, तिला असली गळती कळतच नाही. ड्राइव्ह मात्र तिन्ही फेजच्या करंटची बेरीज बघत असतो. ती शून्य आली नाही की थांबतो.

अखंड केबल ओढली, फॅन सुरू झाला. बंद करताना मात्र ड्राइव्हवर ओव्हरव्होल्टेजचा फॉल्ट! रिवाइंडिंगच्या गडबडीत कुणीतरी डिसेलरेशन (वेग उतरवून थांबायचा वेळ) 5 सेकंदांवर आणून ठेवलं होतं. एवढा जड पंखा इतक्या लवकर आवरायला गेलं की मोटर जनरेटर होते आणि बस 800 च्या दिशेने चढते. मेंटेनन्सवाले ही जादा वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेक रेझिस्टर मागवायच्या तयारीत होते. फॅनला कशाला हवा रेझिस्टर? कोस्ट-टू-स्टॉप, म्हणजे पंखा आपोआप मंदावत थांबेल असं सेटिंग, करून दिलं, फुकटात.