चारशे फॉर्म, पण माणसं किती?

टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रकल्पाचं शीर्षक साधारण असं असतं: ‘सांगली जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास’. नमुना चारशेचा. चारशेच का, असं विचारलं की सूत्र दाखवतात. ९५ टक्के विश्वासपातळी (शंभरातल्या ९५ वेळा उत्तर ठरलेल्या मर्यादेत यावं), ५ टक्के चूक (उत्तर तेवढं इकडे-तिकडे चालेल) आणि जे मोजायचं त्याचं लोकांतलं प्रमाण निम्मं धरलं, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५, म्हणजे ३८४.१६. गणित बरोबर आहे. फक्त या सूत्राची अट अशी की माणसं अख्ख्या जिल्ह्यातून एकेक, सुटी निवडलेली हवीत. प्रत्यक्षात फॉर्म भरून येतात ते आपल्या गावातून, मामाच्या गावातून आणि मैत्रिणीच्या गावातून.

एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. वाळवा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात पाणी आहे तर बहुतेकांचा ऊस आहे. जतच्या पूर्व भागातल्या गावात पाणी नाही तर ते जवळपास कुणालाच नाही. मग त्याच गावातला विसावा शेतकरी नवीन असं फारसं काही सांगत नाही. हे साम्य मोजायचा आकडा ० ते १ च्या मधे असतो, त्याला रो म्हणतात. एका गावातून ‘म’ फॉर्म भरले, तर १ + (म − १) × रो या संख्येने एकूण नमुन्याला भागायचं. जे उरतं तेवढीच आपली खरी माणसं.

सिंचनासारख्या विषयात रो समजा ०.२ धरला. तीन गावांतून १३३ प्रमाणे फॉर्म भरले, तर भाजक २७.४ येतो आणि चारशेचे जेमतेम १५ उरतात. २० गावांतून २०-२० घेतले तर भाजक ४.८, हाती ८३. ४० गावांतून १०-१० घेतले तर भाजक २.८, हाती १४३. झेरॉक्सचा खर्च तिन्ही वेळा तेवढाच, एसटीचा मात्र वाढतो. पाच जणांचा गट असेल तर वाट्याला आठ-आठ गावं येतात, म्हणजे अशक्य काही नाही. आणि तीनच गावं जमणार असतील, तर शीर्षकातून ‘जिल्हा’ काढून टाका. ‘पाटाच्या पाण्याचं एक गाव आणि कोरडवाहू एक गाव’ हा पदवीच्या पातळीवर उत्तम विषय आहे. त्यात कमीपणा नाही.

गावं निवडायला २०११ च्या जनगणनेची गावनिहाय यादी घ्या. २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा आधार तोच. गावं तालुक्यांच्या क्रमाने लावा आणि समोर लोकसंख्येची चढती बेरीज मांडत जा. शेवटच्या बेरजेला ४० ने भागलं की टप्पा मिळतो. पहिला आकडा १ ते टप्पा यांमधून चिठ्ठीने काढा, मग एकेक टप्पा मिळवत पुढे जा. आकडा ज्या गावात पडेल ते गाव घ्यायचं. तालुक्यांचा क्रम ठेवल्यामुळे शिराळा, आटपाडी, जत असे सगळे भाग आपोआप येतात. प्रत्येक गावातून फॉर्म मात्र सारखेच, दहा.

गावात गेल्यावर पाय पारापाशी थांबतात. गावठाणातली घरं एकाला एक लागून, फॉर्म पटापट भरतात. पण शेतकरी राहतो मळ्यात, वस्तीवर. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढली तर वस्त्याही येतात. त्या यादीत लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्या-मुंबईला गेलेले आणि वारलेलेही असतात; ती नावं का सुटली ते लिहा. राहणारं माणूस नुसतं घरी नसेल, तर शेजाऱ्याला बसवू नका. तीन खेपा घाला, मगच सोडा. दिवाळीच्या सुट्टीनंतर जतला गेलात तर ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं दिसतील. ती कुलपंही मोजायची, कारण गेलेली माणसं गरिबांतली असण्याची शक्यता जास्त.

आता गुंठ्यांकडे. शेतकरी ‘दोन एकर वीस’ म्हणतो, फॉर्मवर २.२० लिहिलं जातं आणि एक्सेल त्याचं २.२ करतं. खरं क्षेत्र अडीच एकर, कारण ४० गुंठ्यांचा एकर. १.३० चं १.३ झालं की ते ३ गुंठे की ३०, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. उलट सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. १०० आरचा हेक्टर, म्हणून तिथला ०.८८ हा खरोखर दशांश आहे आणि तो साधारण २ एकर ७ गुंठे होतो. दोन्ही एकाच रकान्यात मिसळले की सरासरी वाया. एकर एका रकान्यात, गुंठे दुसऱ्यात. तिसऱ्यात सूत्राने एकर + गुंठे/४०. गुंठ्यांच्या रकान्यात ३९ च्या वरचा आकडा घेऊच नये अशी मर्यादा आधीच घालून ठेवा.

वयाचंही तसंच. ‘असंल की पन्नास-पंचावन्न.’ अशी गोल करून सांगितलेली वयं किती, ते तपासायला २३ ते ६२ वयाच्या लोकांपैकी ज्यांचं वय ० किंवा ५ ने संपतं ते मोजा, त्याला त्या गटाच्या एकूण संख्येने भागा आणि ५०० ने गुणा. १०० च्या आसपास आलं तर ठीक. ३०० आलं तर वयोगटांचे तक्ते मांडण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्यांना वय विचारण्याऐवजी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत जात होता का, हे विचारा. तो ११ डिसेंबर १९६७ चा. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का, मूल कडेवर होतं का, हेही चालतं. प्रश्नावलीत वयाखाली या दोन प्रश्नांसाठी दोन ओळी मोकळ्या ठेवा आणि वय घरी येऊन काढा, तिथे उभ्या उभ्या नको.