अंबरच्या कबरीपाशी गाडी थांबवली

आमच्या शाळेची सहल शिरपूरहून धुळे, चाळीसगाव करत कन्नड घाट चढून वेरूळ-दौलताबादला जाते, डब्यात दशम्या आणि ठेचा, गाडीत नुसता कल्ला. वेरूळहून दौलताबादकडे निघालं की मधे खुलताबाद लागतं, तिथे मलिक अंबरची कबर आहे. किती वर्षं त्या रस्त्याने पोरं घेऊन गेलोय पण कधी थांबलो नव्हतो. यंदा थांबलो.

कारण असं की वर्गात एक भिल्लाचा पोरगा आहे, रंगाने चांगलाच काळा, त्याला बाकीची पोरं 'हबशी' म्हणून चिडवायची. मी खूप रागावलो सगळ्यांवर. पण घरी आल्यावर डोक्यात आलं की अरे, मी पण तो शब्द शिवीच धरून रागावलो की. हबश म्हणजे आजचा इथिओपिया, हबशी म्हणजे तिथला माणूस, बस. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे हे मी पोरांना सांगितलंच नाही.

म्हणून मग कबरीपाशी उभं करून सांगितलं. इथिओपियात जन्मलेलं पोर, लहानपणी गुलाम म्हणून विकलं गेलं, बगदादच्या बाजूने हातोहात फिरत शेवटी अहमदनगरला आलं, आणि तोच पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१० ला त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, तिथे जमिनीखालून नळ टाकून पाणी आणलं. आपल्या खान्देशात बुऱ्हाणपूरला मुघलांचं मोठं ठाणं होतं, त्यांना याने गनिमी काव्याने वर्षानुवर्षं झोपू दिलं नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे याच्याच बाजूने लढले. हे ऐकल्यावर पोरं एकदम गप्प झाली.

तोच पोरगा हळूच म्हणाला, सर, याला पण रंगावरून बोलायचे का? मी म्हटलं हो, खुद्द जहांगीर बादशहा बोलायचा. आयुष्यभर त्याला अंबर काही कायमचा हरवता आला नाही, म्हणून त्याने चित्र काढून घेतलं, अंबरचं मुंडकं भाल्यावर टांगलंय आणि बादशहा त्यावर बाण मारतोय. आणि १६२६ ला अंबर गेल्यावर मुघलांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलं की असा माणूस होणे नाही.

तिकडे अमेरिकेत फेब्रुवारी महिना काळ्या लोकांच्या इतिहासाचा म्हणून पाळतात. त्याची सुरुवात कार्टर वुडसनने १९२६ ला केली, तेव्हा नुसता एक आठवडा होता. हा माणूस गुलामीतून सुटलेल्या आईबापाचा पोरगा, कोळशाच्या खाणीत राबलेला, आणि १९१२ ला हार्वर्डमधून इतिहासाची पीएच.डी. मिळवली. त्याचं म्हणणं होतं की हा इतिहास वर्षभर शिकवला पाहिजे, इतका की वेगळ्या आठवड्याची गरजच उरू नये. आपल्या जोतीरावांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, म्हणजे हे नातं आपल्याला नवीन नाही.

वुडसनचं वाचताना मला आमचा ९ ऑगस्ट आठवत होता. आदिवासी दिनाला पोरं नटून येतात, ढोल वाजतो, पावरी वाजते, मला मनापासून आवडतं ते. पण १० ऑगस्टला खाज्या नाईक कोण हे विचारा, कोणाला सांगता येत नाही! आणि हा भिल्ल नाईक आमच्या शाळेपासून लांबचा नाही हो, पळासनेरच्या पुढे जो घाट लागतो त्याच सेंधवा घाटात राखणीवर होता, इंग्रजांची नोकरी गेली आणि १८५७ ला त्याच घाटात त्याने सरकारी खजिना लुटला. पुढच्या वर्षी आंबापाणीच्या लढाईत कितीतरी भिल्ल मारले गेले, बाया पण लढल्या.

परवा शनिवारच्या अर्ध्या शाळेत हे सांगायला घेतलं तर तो पोरगा उठून म्हणाला, आमच्या आजीला खाज्याचं गाणं येतं. पुढच्या शनिवारी आजीला शाळेत बोलावलंय.