एबरबाखच्या मठात एक दिवस

भाचीकडे फ्रँकफर्टला गेलो होतो, तेव्हा एक रविवार खास या मठासाठी राखून ठेवला. ऱ्हाइनच्या काठाने जाणारी गाडी तासाभरात एल्टविलला सोडते, तिथून 172 नंबरची बस. द्राक्षमळे संपून रान सुरू होतं, तिथल्या दरीत मठ उभा आहे.

संत बर्नार्ड यांनी 1136 मध्ये फ्रान्समधल्या क्लेअरवोच्या मठातून आपले सिस्टर्शियन (साधेपणाचे कडक नियम पाळणाऱ्या कॅथलिक पंथाचे) भिक्षू इथे धाडले. चर्च 1186 चं. सजावट जवळजवळ नाहीच. उंच कमानी, उजेड आणि शांतता. हे साधेपण मला फार भावलं. 1985-86 च्या हिवाळ्यात ‘द नेम ऑफ द रोझ’ या सिनेमाच्या चित्रीकरणाला अभिनेते शॉन कॉनरी इथे आले होते, त्यामुळे बरेच जण तेच कोपरे शोधत हिंडतात.

माझा पाय मात्र निघेना तो पश्चिमेकडच्या इमारतीतून. इथे कामकरी बंधू राहत. प्रार्थनेचा मुख्य भार भिक्षूंवर, तर शेत, मळे, गुरं या बंधूंच्या अंगावर. त्यांच्या जेवणघरात आता द्राक्षं पिळायची जुनी लाकडी यंत्रं मांडली आहेत, सगळ्यात जुनं 1668 चं. तुळई माणसाच्या कमरेएवढी जाड, आणि खाली दाब देणारा मळसूत्री खांब अख्ख्या लाकडातून कोरलेला. त्याच्या आट्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात. ते बघताना किती हातांनी हे फिरवलं असेल, एवढंच मनात येत राहिलं. याच मेहनतीवर मठाची वाइन स्वतःच्या होड्यांतून कोलोनला जायची. 1500 साली बांधलेल्या पिंपात सुमारे 70 हजार लिटर वाइन मावे. 1525 च्या शेतकरी उठावात बंडखोरांनी त्यावर यथेच्छ ताव मारला.

1803 मध्ये मठ बरखास्त झाला. पुढे इथे तुरुंग होता, काही वर्षं मनोरुग्णालयही. हा काळ बघणाऱ्यांनी वगळू नये असं मला मनापासून वाटतं, कारण वापरात राहिल्यामुळेच या भिंती टिकल्या. वाइनचा व्यवसाय तर कधी थांबलाच नाही. आज तो हेसन राज्याच्या मालकीचा आहे. इमारती 1998 पासून एक न्यास सांभाळतो. हॉटेल आहे, उन्हाळ्यात चर्चमध्ये मैफली होतात.

जाणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यातही जाकीट घ्या, दगडी दालनांत चांगलाच गारवा असतो. फरसबंदी खडबडीत आणि पायऱ्या बऱ्याच, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर घाई नको. तीन तास तरी हाताशी ठेवा. ‘डॉइचलांड-टिकिट’ (देशभरातल्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास) असेल तर गाडी आणि बस दोन्ही त्यातच येतात. परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून घ्या. आमची चुकली, मग मळ्यांतून कीडरिख गावापर्यंत तासभर चालत गेलो. वाट सोपी आहे, खाली ऱ्हाइन दिसत राहते. पायांत बळ असेल तर बस मिळत असली तरी सोडा.