आमची वाटचाल: बाग लावण्यापासून बाग राखण्यापर्यंत

सुरुवातीला आमचं काम एका दिवसात संपायचं. सकाळी कुंड्या, माती आणि रोपं घेऊन जायचं, संध्याकाळपर्यंत गच्ची हिरवीगार करून द्यायची, पैसे घ्यायचे आणि निघायचं. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच होतो. घरच्या बागेत दोघींचा हात बसलेला होता, त्यामुळे आपल्याला हे काम येतं असं आम्ही धरून चाललो होतो.

तीन-चार महिन्यांनी फोन येऊ लागले. झाडं पिवळी पडलीत, पानं गळतायत, बघायला या. एका घरी गेलो तर निम्म्या कुंड्या गेलेल्या. त्या काकूंनी झाडांकडे दुर्लक्ष केलं असेल असं वाटलं होतं, पण उलट त्या सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होत्या. मी एक रोप उपटून पाहिलं. मुळं तपकिरी आणि मऊ झाली होती, मातीला कुबट वास येत होता. ‘रोज पाणी घाला’ असं त्यांना आम्हीच सांगून आलो होतो. चूक आमची होती, तसं मी त्यांना तिथेच सांगितलं आणि पूर्ण बाग स्वखर्चाने पुन्हा लावून दिली. त्या महिन्यात हातात काही उरलं नाही, पण आमचा व्यवसाय खरा सुरू झाला तो त्या घरापासून.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी त्यांना खाते. अशी मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं आणि माणूस काळजीपोटी आणखी पाणी घालतो. कुंडीच्या तळाशी आम्ही खडीचा थर देत होतो, त्याचाही उपयोग नव्हता. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय पाणी खडीत उतरतच नाही. म्हणजे खडीमुळे निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. निचरा साधायचा तो मातीतच. तेव्हापासून आम्ही मातीत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू मिसळतो, आणि कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते लावण्याआधी तपासतो. पाण्याचा नियम एकच सांगतो: बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आत ओल लागली तर आज पाणी नाही.

त्यानंतर आम्ही फक्त बाग लावून देणं बंद केलं. काम घ्यायचं तर वर्षभराच्या देखभालीसह घ्यायचं, असं ठरवलं. पुष्कळ लोक ‘नुसती लावून द्या, बाकी आम्ही बघू’ म्हणून परत गेले. दोन वर्षं ओढाताणीची गेली. तरी ठरवलेलं बदललं नाही, कारण लावलेली बाग मरताना पाहणं आम्हाला नको होतं.

वर्षभर एका बागेत जात राहिल्यावर ऋतू कळतात. पावसाळ्यात आमचं निम्मं काम पाणी काढून देण्याचं असतं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढतो, कुंड्या विटांवर चढवतो. वाढ जोरात असते, म्हणून फांद्या लावून नवी रोपं करायला हाच काळ उत्तम. हिवाळ्यात पालेभाज्या, टोमॅटो आणि हंगामी फुलं. पाणी कमी करतो, पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, दिसते का ते पाहतो. उन्हाळ्यात मातीवर वाळलेल्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घालतो, दुपारी जाळीची सावली करतो आणि पाणी पहाटे देतो. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की लोकांना रोग वाटतो. बहुतेक वेळा ते पाण्याच्या अनियमितपणामुळे असतं. कधी कोरडं, कधी तुडुंब असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पोचत नाही. आणि फांदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर आम्ही आधी पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारा कापसासारखा पांढरा किडा, शोधतो. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळत असतात. कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढतो, मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल फवारतो, लिटरभर पाण्याला 5 मिली, थेंबभर साबण घालून.

सगळ्यात अवघड काम छाटणीचं, म्हणजे घरच्यांची समजूत घालण्याचं. हिवाळा सरता सरता मोगरा निम्म्यावर आणला की लोकांचा जीव कळवळतो. एका आजोबांनी माझ्या हातातली कात्री धरली होती. मोगऱ्याला फुलं नव्या फुटव्यावर येतात, जुन्या काड्या राखल्या तर पानंच वाढतात, हे त्यांना पटेना. शेवटी दोन कुंड्यांपैकी एकच छाटली. उन्हाळ्यात तिला कळ्या लागल्या तेव्हा त्यांनी स्वतः फोन करून मला बोलावलं. पुढच्या वर्षी दोन्ही कुंड्या त्यांनीच छाटल्या.

आता आम्ही पाच जणी आहोत. प्रत्येक घराची एक वही ठेवतो: कुंडी कधी बदलली, खत कधी दिलं, कुठलं झाड कुठे रमलं नाही. पहिल्या भेटीला आता रोपं नेत नाही. सकाळी, दुपारी आणि उन्हं उतरताना तिथे थांबून ऊन कुठे किती पडतं ते लिहून घेतो. फळभाजीला निदान सहा तास ऊन लागतं, पालेभाजीचं तीन-चार तासांवर भागतं. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, शेजारच्या इमारतीची सावली लांबते आणि उन्हाळ्यात भरपूर ऊन असलेला कोपरा गारठतो. त्यामुळे दुसरी नोंद हिवाळ्यात घेतो, आणि तोवर त्या कोपऱ्यात मोठ्या, जड कुंड्या ठेवत नाही.

ज्या काकूंची बाग पुन्हा लावली, त्यांच्याकडे आधी दर आठवड्याला जायचो. आता दोन महिन्यांतून एकदा जातो, बाकीचं त्या स्वतः करतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा मी झारी उचलली, तर ‘थांब, बोट घालून बघ आधी’ म्हणाल्या.