तंबोऱ्याच्या जोडीत तिसरा सूर

सांगलीत तळघर म्हटलं की माणसं आधी कृष्णेचं पाणी विचारतात. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. त्यामुळे गावभागात कुणी तळघरात स्टुडिओ करायचा म्हणालं तर मी सरळ नको म्हणून सांगतो. ज्या घराच्या तळघरात मी स्टुडिओचं काम केलं, ते विश्रामबागच्या पुढे, मिरजेच्या अंगाला, उंचावर आहे. मालक संगीत शिकवतात. सगळे त्यांना सरच म्हणतात. घरी येणाऱ्या मुलांचं गाणं आणि मिरजेच्या तंतुवाद्यांचा आवाज नीट ध्वनिमुद्रित व्हावा, एवढी त्यांची इच्छा.

लाइटचं काम आधीच दुसऱ्या कुणी तरी करून ठेवलं होतं. माझ्याकडे फक्त ऑडिओ. गाण्याच्या खोलीतून मिक्सरच्या खोलीत मल्टिकोर, म्हणजे एका आवरणात अनेक माइकच्या तारा असलेली केबल न्यायची, दोन्ही टोकांना एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या, पिना लावायच्या. पहिल्या पिनेला शील्ड, म्हणजे गोंगाट अडवणारं आवरण, आणि आवाजाच्या दोन तारा, दुसरीला हॉट, तिसरीला कोल्ड. हे काम मला मनापासून आवडतं. वरचं आवरण ब्लेडनं हलकेच गोल कापायचं, आतला चंदेरी कागद सोलायचा, उघडी तार पिळून तिच्यावर नळी चढवायची, मग सोल्डर. सोल्डर चकचकीत दिसला की समजायचं धरला. मळकट, दाणेदार दिसला तर तो सांधा सहा महिन्यांत करकर करणार. लाइटच्या पाइपापासून ऑडिओची केबल हातभर लांब ठेवली. एका ठिकाणी दोन्ही एकमेकांना ओलांडतात, तिथे काटकोनात नेली. समांतर गेली की लाइनचा हम, म्हणजे गुणगुण, केबलीत शिरतोच. अशा केबलीला बॅलन्स्ड म्हणतात. तिच्यात हॉट आणि कोल्डमध्ये तोच आवाज एकमेकांच्या उलट जातो, पण बाहेरचा गोंगाट मात्र दोन्हींत सारखाच शिरतो. पलीकडे मिक्सर दोन्हींतला फरक काढतो, त्यात गोंगाट मरतो आणि गाणं उरतं.

एकच जोडणी साधी होती, ती कॉम्प्युटरची. त्याच्या पंख्याचा आवाज नको म्हणून सरांनी कॉम्प्युटर जिन्याखालच्या कोठीत ठेवला होता. तिथून मिक्सरला दोन साध्या आरसीए केबली, म्हणजे आवाजाची एकच तार आणि परतीला शील्ड.

तंबोरा लावायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक जुने कारागीर आले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांच्या घरात हे काम कित्येक पिढ्यांचं. तंबोरा पुरुषी, पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून लावायचा. चाचांनी घोडीवरचा दोरा नखाने सरकवून जवारी, म्हणजे तारेची झंकार, उघडली, पंचम लावला, मग सा वर मिळवायच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी. खोलीत बसून मी ऐकलं, दोन तारांचा एकच सूर झाला होता. मिक्सरच्या खोलीत आल्यावर मात्र चाचांनी मान हलवली.

"जोडी हलतीय."

सर म्हणाले, "चाचा, तुम्हीच तर आत्ता लावली."

"तार न्हाय हलत. तारंशेजारी कोण तरी बोलतंय." आणि त्यांनी टेबलावर बोटानं ठोके धरले. टक, टक, टक. सेकंदाला तीन.

मी गाण्याच्या खोलीचे सगळे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, खाली ओढले. तंबोरा गेला, स्पीकरमधली बारीक गुणगुण राहिली. म्हणजे माइक, मल्टिकोर, पिना सगळे सुटले. कॉम्प्युटरच्या केबली मिक्सरमधून उपसल्या आणि शांत झालं. परत लावल्या, परत गुणगुण. तेच ध्वनिमुद्रित करून आलेख पाहिला. ५० हर्ट्झवर टेकाड, २५० वर टेकाड, पण सगळ्यांत उंच १५० वर. पांढरी दोनचा सा साधारण १४७ हर्ट्झ. १५० मधून १४७ गेले, राहिले तीन. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की फरकाएवढेच ठोके ऐकू येतात. चाचांनी बोटावर मोजलेले ठोके तेच होते. मला तेव्हा खरंच भरून आलं. सत्तरीच्या माणसानं मीटरशिवाय सांगितलेला आकडा होता तो.

१५० का, हे सरांना समजावलं. घराला थ्री फेज आहे. एलईडी, यूपीएस, टीव्ही हे सगळे करंट सलग ओढत नाहीत, लाटेच्या शेंड्यावर झटक्यानं ओढतात. त्यातून ५० ची तिप्पट तयार होते. तिन्ही फेजांचा ५० हर्ट्झचा करंट न्यूट्रलमध्ये बराचसा एकमेकांना कापतो, ही तिप्पट मात्र कापली न जाता उलट बेरीज होऊन वाहते. म्हणजे न्यूट्रलमधला करंट आपल्या आरसीएच्या शील्डमधून चालला होता. कसा, ते शोधायचं.

माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकू का? लगेच जाईल."

जाईलही. पण हे मी कुणाला करू देत नाही. अर्थ तोडून हम घालवणं म्हणजे बॉडीला फेज लागली तर फ्यूज उडण्याचा मार्गच बंद करणं. आणि इथे पोरं माइकला ओठ लावून गाणार आहेत.

केबल सोडून मिक्सरच्या आणि कोठीच्या बोर्डांच्या अर्थमध्ये मीटर धरला, पावणेदोन व्होल्टच्या आसपास दाखवत होता. एका घरातल्या दोन अर्थमध्ये एवढा फरक नको. मग प्रत्येक बोर्डावर न्यूट्रल ते अर्थ पाहिलं. कोठीच्या बोर्डावर थोडे व्होल्ट होते, लोड चालू असताना तसे असणारच. मिक्सरच्या बोर्डावर एसी चालू असूनही शून्य. पक्कं शून्य. मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला तर सॉकेटच्या मागे बोटभर हिरवी वायर, न्यूट्रलमधून निघून अर्थमध्ये खोचलेली. खड्ड्याकडून येणारी अर्थची वायर त्या पाइपात ओढलेलीच नव्हती. म्हणजे मिक्सरची बॉडी न्यूट्रलला, कॉम्प्युटरची खऱ्या अर्थला, आणि दोघांना जोडणारं आरसीएचं शील्ड. अशा सॉकेटवर फेज-अर्थला बल्ब धरला तर छान पेटतो, कारण परतीचा रस्ता न्यूट्रल देतो. म्हणूनच अशी वायरिंग वर्षानुवर्षं खपून जाते. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला असता तर मिक्सरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते, आणि शील्डमधून माइकच्या जाळीवर. मी ती वायर काढून सरांच्या हातात दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काल इथे सातवीतली मुलगी गात होती."

त्या केबलीत एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज जाऊ देऊन तारांचा थेट संबंध तोडणारा, घातला असता तर जोडी लगेच जुळली असती. कुणी तसं करून पैसे घेऊन गेलंही असतं. पण मग ती बोटभर वायर भिंतीत तशीच राहिली असती, आणि ती आहे हे सांगणारा आवाजच आम्ही बंद केला असता.

संध्याकाळपर्यंत अर्थच्या खड्ड्यापासून खालपर्यंत जाड हिरवी वायर ओढली. मिक्सर, स्पीकर आणि कॉम्प्युटर तिन्ही एकाच बोर्डावर घेतले, कोठीत तिथूनच लाइन नेली. वर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. जुन्या जोडणीवर तो एक मिनिटही टिकला नसता. कॉम्प्युटरच्या केबली परत लावल्या, फेडर वर केले. चाचांनी जोडी छेडली, डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि खर्जाची तार किंचित चढवली. जोडीला हात लावला नाही.

घराचे वरचे बोर्डही उघडायचे ठरले आहेत, सरांनी रविवार दिला आहे. चाचांनी जाताना विचारलं, आमच्या दुकानातला बोर्ड बघशील का, घासायचं मशीन कधी कधी चुणचुणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी तिकडेच गेलो.